तिसरं काज

“आधी श्वास सोड म्हणावं गिऱ्हाइकाला, मग टेप लाव. छाती फुगवून उभा राहिलेला माणूस खोटं माप देतो, आणि कपडा घट्ट झाला की शिव्या आपल्याला देतो.”

शिवणकाम शिकवणाऱ्या उस्तादांना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण टेप हातात घेतली की त्यांचा आवाज मास्तरांच्या कानाशी येऊन बसायचाच. मास्तर म्हणजे बाईच बरं का. वय चौपन्न, अंगाने बारीक, बोलणं हळू. उस्तादांच्या मागे दुकान यांनी चालवलं आणि दुकानाबरोबर त्यांची पदवीही यांच्याकडे आली. सुरुवातीला लोक गमतीने मास्तर म्हणायचे. पुढे गंमत विसरली आणि मास्तर तेवढे राहिले.

“वकीलबाई, श्वास सोडा.”

“सोडलाय.”

“अजून थोडा आहे आत.”

वकीलबाईंनी हार मानली. पोट दोन बोटं पुढे आलं. “मास्तर, तुमच्यापुढे आणि वजनकाट्यापुढे माणसाची अब्रू म्हणून राहत नाही.”

“अब्रू राहते हो, फक्त तिचं माप वाढतं,” मास्तर म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला. मोठा लिहिला. अलीकडे त्या सगळेच आकडे मोठे लिहायच्या.

काळ्या कोटाचं हे माप म्हणजे खरं तर वकीलबाईंची फी होती. दोन कोट शिवायचे आणि त्याच्या बदल्यात मास्तरांचा घटस्फोट करून द्यायचा, असा सौदा ठरला होता. दोघींनाही वाटत होतं की आपण समोरचीला फसवलं, म्हणजे सौदा चांगलाच होता.

मास्तरांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. एकवीस वर्षांपूर्वी त्यांना दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. ते गेले. मास्तर राहिल्या, कारण उस्तादांच्या दुकानाचा गाळा दोघांनी मिळून विकत घेतला होता आणि दुकान नुकतंच नावारूपाला येत होतं. दोन वर्षांची गोष्ट होती. दोनाची चार झाली, चाराची दहा. भांडण नाही, तंटा नाही, एकमेकांविषयी वाईट शब्द नाही. सुरुवातीला पत्रं यायची, मग फोन, मग नुसते निरोप. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे निरोपही आखूडच असायचे. कापड उन्हात ठेवलं की रंग कधी उडाला ते जसं सांगता येत नाही, तसं त्या संसाराचं झालं.

आणि सात-आठ महिन्यांपूर्वी लिफ्टवाल्यांचं पत्र आलं. त्यांच्या तिकडच्या इमारतीत एक ग्रंथपालबाई राहतात, एकट्याच. दोघांना म्हातारपणी सोबत हवी आहे. तेव्हा तुमची हरकत नसेल तर कायद्याने मोकळे होऊ, असं अगदी अदबीने लिहिलं होतं. बायकोला त्यांनी ‘तुम्ही’ म्हटलं होतं, यावरूनच किती वर्षं लोटली ते कळावं.

मास्तरांना राग आला नाही. राग आला तो नणंदेला. नणंद याच गल्लीत दोन घरं सोडून राहायची, आणि भावापेक्षा वहिनीवर तिचा जीव जास्त होता.

“माझाच सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते,” ती म्हणाली, “देव अक्कल वाटत होता तेव्हा हा लिफ्टमध्ये अडकला होता.”

“असं बोलू नये,” मास्तर म्हणाल्या. “पत्र किती सरळ लिहिलंय बघ.”

“सरळच लिहिणार. वर-खाली करायची सवय फक्त कामाला आहे.”

मास्तर हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला.

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं, फक्त पोटगीपाशी घोडं पेंड खात होतं.

“हिंदू विवाह कायद्यात पंचविसावं कलम आहे,” वकीलबाईंनी माप झाल्यावर खुर्चीत बसत पुन्हा एकदा समजावलं. “घटस्फोट देताना कोर्ट कायमची पोटगी ठरवू शकतं. एकरकमी म्हणा, महिन्याची म्हणा. दोघांची मिळकत आणि गरज बघून आकडा ठरतो. ही भीक नाही, मास्तर. हक्क आहे.”

“मला नको. माझे हात आहेत.”

“हात किती दिवस पुरतील?”

“डोळे आहेत तोवर,” मास्तर बोलून गेल्या आणि पटकन इस्त्री तापली का ते बघायला उठल्या.

कारण खरी गोष्ट तिथेच होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून नजर धूसर झाली होती. पांढऱ्यावर निभायचं, पण काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे भर दुपारी अंधार. दुकानात आधी दोन दिवे होते, आता पाच झाले होते. डॉक्टरांकडे त्या गेल्या नव्हत्या, कारण डॉक्टर ‘आता बारीक काम बंद’ म्हणाले तर? दुकान म्हणजे त्यांचं पोट, त्यांची पदवी, त्यांचा दिवस. ते गेलं तर उरणार काय? रोज सकाळी नणंद चहा प्यायला यायची, तेव्हा मास्तर सुयांची उशी तिच्यापुढे सरकवायच्या. “बसलीच आहेस तर ओवून ठेव गं. माझे हात ओले आहेत.” नणंद गप्पा मारत वीस सुया ओवून ठेवायची. वहिनीचे हात वर्षभर रोजच ओले कसे, हे तिने एकदाही विचारलं नाही. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण एवढ्या बाबतीत ती बसली.

शपथपत्र मास्तरांनी स्वतःच भरलं. मिळकत पाच वर्षांपूर्वीची लिहिली, चांगल्या दिवसांतली. खर्चाच्या रकान्यात इतका कमी आकडा घातला की त्यात चिमणीचंही भागलं नसतं. आणि ‘प्रकृती’ या शब्दापुढे लिहिलं, ‘उत्तम’.

लिहिताना मन जरा टोचलं. मास्तरांचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाली की पहिल्या कामाला लागण्याआधी हात जोडायचे आणि एवढंच म्हणायचं की आजच्या दिवसात माझ्या तोंडून खोटं जाऊ नये. तीस वर्षं हा नेम चालला होता. गिऱ्हाईक जाड दिसत असेल तर त्या ‘बारीक दिसता’ असं म्हणायच्या नाहीत, ‘रंग खुलतो’ म्हणायच्या. पण शपथपत्र कागदावरचं आहे, आपण तोंडाने तर काही बोललो नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. देव हे ऐकून हसला असेल.

तारखेच्या दिवशी मास्तर, नणंद आणि नवा कोट घातलेल्या वकीलबाई वेळेआधीच कोर्टात हजर झाल्या. कोर्ट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट तीन दिवसांपासून बंद, त्यामुळे जो तो धापा टाकत वर येत होता. लिफ्टवाल्यांचा पत्ता नव्हता.

“घाबरला असेल,” नणंद म्हणाली.

“गाडी उशिरा आली असेल,” मास्तर म्हणाल्या.

एवढ्यात टण्ण असा आवाज झाला, लिफ्टचं दार उघडलं आणि आतून न्यायाधीश, त्यांचा शिपाई आणि हाताला काळं वंगण लागलेले एक गृहस्थ बाहेर आले. केस पांढरे झाले होते, पण चालण्याची ढब तीच, एक खांदा पुढे काढून.

“माफ करा,” लिफ्टवाले रुमालाने बोटं पुसत म्हणाले. “खाली बघितलं तर बंद. दाराचा खटका सरकला होता नुसता. दहा मिनिटांचं काम. बघून पुढे जाववलं नाही.”

“बायकोकडे बघून गेलास की पुढे,” नणंद म्हणाली.

“ताई, तुझी तब्येत छान दिसते.”

“जीभ चालू असते ना, व्यायाम होतो.”

मास्तरांनी मान हलवून नमस्कार केला. त्यांनीही केला. एकवीस वर्षांनंतर भेटल्यावर काय बोलावं हे कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून दोघेही भिंतीवरच्या तारखांच्या यादीकडे बघत राहिले.

न्यायाधीश वयाने उतरलेले, निवृत्तीला टेकलेले होते. तीन दिवसांनी जिना चुकला होता म्हणून खुशीतही होते. त्यांनी दोन्ही शपथपत्रं वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“या खुर्चीवर बसून मी हजारो शपथपत्रं वाचलीत,” ते म्हणाले. “त्यांत नवरा नेहमी कंगाल असतो आणि बायको अंथरुणाला खिळलेली असते. इथे मिळकत लिहिलीय ती एखाद्या मोठ्या साहेबाला लाजवेल अशी, आणि खर्च लिहिलाय तो एखाद्या संन्याशिणीला परवडेल असा. नवरा म्हणतो माझ्याकडे खूप आहे. बायको म्हणते मला काहीच नको. तुम्ही चुकून एकमेकांचे कागद भरलेत का?”

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं.

“बाई, तुम्हाला पोटगी नको?”

“नको, साहेब. माझं भागतं.”

हे खरंच होतं. आजचं भागत होतं. मास्तरांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

“मग तसंच लिहू या,” न्यायाधीशांनी पेन उचललं.

“साहेब, एक मिनिट.” लिफ्टवाले उभे राहिले. त्यांची नजर मघापासून वकीलबाईंवर खिळली होती, आणि वकीलबाईंना ते जाणवून जरा अवघडल्यासारखं झालं होतं. “त्यांनी लिहिलेली मिळकत खोटी आहे.”

“खरी मिळकत जास्त आहे म्हणता? लपवलीय?”

“कमी आहे, साहेब. म्हणजे कमी होणार आहे. वकीलबाईंच्या कोटावरचं तिसरं काज बघा.”

सगळ्या कोर्टाने वकीलबाईंच्या कोटाकडे बघितलं. वकीलबाईंनी नकळत बटणावर हात ठेवला.

“काज म्हणजे बटणाचं घर,” लिफ्टवाले सांगू लागले. “ही बाई हाताने काज करायची तेव्हा तिचे उस्ताद भिंग घेऊन बसायचे, आणि चूक सापडली नाही म्हणून दिवसभर घुश्शात असायचे. आता हे बघा. वरची दोन ठीक. तिसऱ्याचे टाके मध्येच विरळ झालेत, चौथं एका टोकाला रुंद. हात थरथरला असता तर टाका वाकडा पडला असता. हा टाका सरळ आहे, पण चुकीच्या जागी पडलाय. ज्याला दिसत नाही तो असं शिवतो.”

नणंद मान खाली घालून बसली होती.

न्यायाधीशांनी आवाज खाली आणला. “बाई, इथे लिहिलंय प्रकृती उत्तम. तुमच्या डोळ्यांना नीट दिसतं का?”

मास्तरांनी तोंड उघडलं. ‘दिसतं’ हा एवढासा शब्द. लिहिताना हाताला जड गेला नव्हता, पण जिभेवर आला आणि तिथेच बसला. तीस वर्षांच्या सकाळी एका बाजूला आणि तो एक शब्द दुसऱ्या बाजूला. दुकान गेलं तर जाऊ दे, असं त्यांना वाटलं, आणि वाटताच हलकं वाटलं.

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं. काळं कापड तर दिसतच नाही.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“नाही.”

“का?”

“ते खरं सांगतील म्हणून.”

न्यायाधीशांनी मान हलवली. आणि मग मास्तरांना, एवढ्या शांत बाईला, कुठून तरी ताव आला. आपली झाकली मूठ भर कोर्टात उघडली याचा म्हणा, किंवा उघडणाऱ्याला अजून आपलं काज ओळखता येतं याचा म्हणा.

“आणि साहेब, माझ्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं सांगते. यांची मिळकतही खोटी आहे. यांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली आहे. झिजलेली बाजू आत आणि आतली बाहेर. तीही घरी, स्वतःच्या हाताने आणि पांढऱ्यावर पिवळट दोऱ्याने. कागदावर लिहिलंय तेवढं कमावणारा माणूस कॉलर उलटवत नाही. नवा शर्ट घेतो.”

लिफ्टवाल्यांचा हात मानेकडे गेला.

न्यायाधीशांना खोकला आला. तो बराच वेळ चालला, आणि रुमालाआड त्यांचे खांदे हलत होते.

“शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, हे दोघांनीही लक्षात घ्या,” ते शेवटी म्हणाले. “पण फायद्यासाठी खोटं बोलणारे मी पाहिलेत. तोट्यासाठी बोलणाऱ्यांचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा असं करा. ही शपथपत्रं मागे घ्या. जेवणाच्या सुट्टीनंतर एकच कागद आणा. नवऱ्याला खरंच काय झेपेल ते बाईंनी लिहायचं, आणि बाईंना खरंच काय लागेल ते नवऱ्याने. आपापलं कुणीही लिहायचं नाही. त्यात तुम्हा दोघांची अक्कल चालत नाही.”

उपाहारगृहात कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. नणंद दोघांच्या मध्ये बसली, मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, “चहा सांगून येते” म्हणून उठली आणि अर्धा तास चहा सांगतच राहिली.

“एवढी मिळकत कशाला लिहिलीत?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्ही मागणार नाही हे ठाऊक होतं. म्हटलं, आकडा मोठा दिसला तर कोर्टच जास्त लावेल.”

“आणि भरणार कुठून होतात?”

“संध्याकाळच्या दोन इमारती वाढवल्या असत्या.”

“या वयात? शाफ्टमध्ये लोंबकळून? आणि त्या ग्रंथपालबाई काय म्हणाल्या?”

“ती म्हणाली, आधीचं पुस्तक नीट परत केल्याशिवाय दुसरं मिळणार नाही.”

मास्तरांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसल्या. “चांगल्या दिसतात बाई.”

“चांगली आहे. कॉलर मात्र तिला शिवता येत नाही. ती मी शिवली.”

“ते कळलंच.”

चहा अजून आला नव्हता. लिफ्टवाले मिठाची डबी इकडून तिकडे सरकवत होते.

“एक विचारू?” ते म्हणाले. आता त्यांचं ‘तुम्ही’ कुठे तरी गळून पडलं होतं. “तेव्हा तू आली का नाहीस? मी विचारलं होतं.”

“एकदा विचारलं होतं.”

“एकदाच विचारतात ना?”

“मला कात्री चालवताना विचारलंत. मी नाही म्हणाले, कापड हातात होतं म्हणून. कात्री खाली ठेवली, तर तुम्ही बॅग भरायला निघून गेला होतात. मला वाटलं, जेवताना परत विचाराल.”

“मला वाटलं, परत विचारलं तर तुला जाच होईल.”

एकवीस वर्षांचं कारण हे एवढंसं निघालं. कागदात गुंडाळून खिशात ठेवता येईल एवढं. मास्तरांना वाटलं, आता रडू येईल. पण आलं ते हसूच, आधी त्यांना आणि मग लिफ्टवाल्यांनाही.

“आपण दोघंही शहाणेच,” त्या म्हणाल्या.

“दीड शहाणे. कोर्टानेच सांगितलं.”

मग त्यांनी कागद घेतला. मास्तरांनी लिफ्टवाल्यांच्या पुढे महिन्याचा असा आकडा लिहिला, की तो भरून त्यांना वर्षाला दोन नवे शर्ट घेता यावेत. त्यांनी तो वाचला आणि वाढवायला बघितलं, पण मास्तरांनी पेन दिलं नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी बारकाईने लिहिलं: घरखर्च, दिव्यांचं बिल, औषधं, आणि बारीक कामासाठी एका काजवालीचा पगार. त्याखाली लिहिलं की दुकानाच्या गाळ्यातला त्यांचा निम्मा हिस्सा मास्तरांच्या नावे व्हावा. मास्तरांनी तोंड उघडलं तशी ते म्हणाले, “आपापलं कुणी लिहायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे.”

“काजवाली कशाला?”

“दुकान चालवायला डोळे लागतात, ते आपलेच असले पाहिजेत असं थोडंच आहे. माप तू घे, कापड तू काप, काजं तिला करू दे. उस्ताद तरी शेवटी शेवटी काय करत होते? तुझ्यावर ओरडतच होते ना?”

वर्षभर रोज त्या दुकान बंद होण्याची भीती बाळगत होत्या, आणि हे एवढं सोपं उत्तर त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी तो कागद हाताने सपाट केला, कापड करतात तसा.

“आणि डोळे दाखवून ये,” ते म्हणाले.

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लिफ्टवाल्यांनी मिठाची डबी खाली ठेवली. “परत विचारतो. दाखवून येशील?”

“येईन,” मास्तर म्हणाल्या. “बुधवारी.”

“नक्की?”

“मी तोंडाने बोलले आहे.”

दुपारी न्यायाधीशांनी कागद मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी मान हलवली आणि खाली सही केली. कायमची पोटगी ठरली, लग्न मोडलं, आणि सगळे लिफ्टने खाली आले. दारात लिफ्टवाल्यांनी हात जोडले. वकीलबाईंनी दुसऱ्या कोटाला घाई नाही असं दोनदा सांगितलं.

परतीच्या वाटेवर नणंद म्हणाली, “म्हणजे आता मी तुझी कोण?”

“नणंद.”

“पण लग्न तर...”

“कोर्टाने सगळा कागद वाचून दाखवला. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.”

बुधवारी सकाळी मास्तरांनी दुकान झाडलं, पण दिवे लावले नाहीत. एका पुठ्ठ्यावर ‘दुपारी उघडेल’ असं लिहून तो कडीला अडकवला. नणंदेच्या दारावरून जाताना क्षणभर थांबून त्यांनी हळूच हाक मारली, “येतेस का गं माझ्याबरोबर? डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय.”

नणंद आतून ओल्या हातांनीच बाहेर आली. चपला घालून वहिनीच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या बाजूला झाली, आणि दोघी कोवळ्या उन्हातून बस थांब्याकडे चालू लागल्या.